शांतता नसलेली प्रत

माझ्या नणंदेला सगळे ‘पहिलीताई’ म्हणत. नव्या माणसाला वाटे, बाई शाळेत पहिलीच्या वर्गावर असतील. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी तर आपल्या मुलाचं अक्षर सुधारून द्याल का, म्हणून विचारलं होतं. वन्संनी त्यांना आत बोलावलं आणि चारी भिंतींची कपाटं दाखवली. छतापर्यंत नुसती नाटकांची पुस्तकं. त्यातली पहिली आवृत्ती कुठली आणि मागाहून छापलेली कुठली, हे ओळखायचं आणि हौशी लोकांना विकायचं, हाच त्यांचा धंदा.

"म्हणजे तेच नाटक, पण आधी छापलेलं महाग आणि नंतरचं स्वस्त?" गृहस्थ म्हणाले. "आत मजकूर तोच ना?"

"बहुतेक वेळा तोच असतो," वन्सं म्हणाल्या. "नसतो तेव्हाच मजा येते."

मी त्यांना वन्सं म्हणायची, त्या मला वहिनी. वयाने आम्ही दोघी सारख्याच, पण लग्न होऊन मी त्या घरात आले तेव्हापासून जे अहो-जाहो सुरू झालं ते कायमचंच. त्यांनी लग्न केलं नाही. कुणी फार खोदून विचारलं तर म्हणत, "दिवसभर दुसऱ्यांची डोकी सांभाळायची, घरी आणखी एक कशाला?" कारण पुस्तकांच्या आधी त्या एका नाटक कंपनीत केशभूषा करायच्या. टोप विंचरायचे, अंबाडे घालायचे, म्हातारीला तरुण आणि तरुणीला म्हातारी करायचं. कंपनी बंद पडली तेव्हा माळ्यावरची नाटकांची पुस्तकं रद्दीत निघाली होती. वन्संनी ती टोपांच्या खोक्यांत भरून घरी आणली. का आणली ते त्यांनाही सांगता आलं नसतं. महिन्याभराने एक अनोळखी माणूस पत्ता शोधत आला, त्याने त्यातलं एक फाटकं पुस्तक उचललं आणि त्याचे डोळे लकाकले. वन्संनी आयुष्यभर माणसं आरशात पाहिलेली. त्या म्हणाल्या, "आज देत नाही, पुढच्या आठवड्यात या." त्या आठवड्यात त्या गावातली दोन्ही ग्रंथालयं पालथी घालून आल्या, त्याचे डोळे का लकाकले ते शोधून काढलं, आणि तिथून त्यांचा दुसरा जन्म सुरू झाला.

मी दुपारी त्यांच्याकडे जात असे. आमचं घर मागच्याच गल्लीत. ह्यांचं जेवण झालं की हे झोपत आणि मी वन्संकडे पुस्तकांची धूळ झटकायला. तसं बघायला गेलं तर चहाला आणि गप्पांना. झटकता झटकता थोडंफार माझ्याही कानावर पडलं.

नाटकाचं पुस्तक म्हणजे कादंबरीसारखं सरळ नसतं, असं त्या सांगत. ‘पहिली आवृत्ती’ असं आत छापलेलं असलं तरी त्यावर विसंबायचं नाही. काही प्रकाशक तेच पान वर्षानुवर्षं तसंच छापत राहतात. मग किंमत बघायची, कागद बघायचा, मागच्या जाहिरातींत कुठली नाटकं ‘लवकरच येत आहेत’ म्हणून दिली आहेत ते बघायचं. शेवटी रंगमंचाचा आराखडा असला तर ती हौशी मंडळींसाठी मागाहून काढलेली प्रत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, नाटकाचं पुस्तक कधी कधी प्रयोगाच्या आधीच छापून तयार असतं, पहिल्या दिवशी थिएटरात विकायला. तालमीत मग नाटक बदलतं. पुस्तकात राहतं ते बदलण्याआधीचं. "म्हणून पहिल्या प्रतीत," वन्सं म्हणत, "कधी कधी असं काही सापडतं जे रंगमंचावर कधी घडलंच नाही."

आता त्या एका नाटकाविषयी सांगायला हवं. त्याचं नाव वन्सं घेत नसत, मीही घेत नाही. नाटकवाले त्याला ‘तिघांचं नाटक’ म्हणतात. नवरा, बायको आणि त्यांनी घरात लपवून ठेवलेला एक पाहुणा, एवढीच पात्रं. दुसऱ्या अंकात मध्येच तिघं बोलायचं थांबतात आणि बंद दाराकडे पाहत राहतात. काही होत नाही. बराच वेळ कुणी काही बोलत नाही, आणि मग नाटक पुढे सुरू होतं. त्या शांततेवर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. वन्संनी त्या नाटकाच्या पुढच्या प्रयोगांना नटीचे केस केले होते. त्या म्हणायच्या, "विंगेत उभी असले तरी त्या वेळी माझे हात थांबायचे. कुणाला ती जागा आवडायची नाही. का ते कुणी बोलायचं नाही."

गंमत अशी की त्या नाटकाच्या पहिल्या आवृत्तीत ती शांतता नाही. नवरा बोलतो, त्याच्यामागून लगेच बायको बोलते, बस. शांततेची सूचना आली ती दुसऱ्या आवृत्तीपासून. त्यामुळे ओळखायची खूण सोपी: करड्या मुखपृष्ठाची, अठ्ठ्याऐंशी पानांची, शांतता नसलेली प्रत म्हणजे पहिली. अशी एक प्रत वन्संना बऱ्याच वर्षांपूर्वी मिळाली होती आणि ती त्यांनी गावातल्या दाताच्या डॉक्टरांना विकली होती. डॉक्टरांनी तिला काचेची पेटी करून घेतली. दवाखान्यात दात काढून घ्यायला आलेल्या माणसालाही ते आधी ती पेटी दाखवत.

आणि मग एका उन्हाळ्यात जुनी घरं रिकामी करून देणारा एक माणूस वन्संकडे खोकं घेऊन आला. त्यात बरंच फालतू होतं. तळाशी मात्र तीच करडी प्रत.

मी तेव्हा स्टुलावर चढून वरचा खण पुसत होते. वन्संनी पुस्तक उचललं आणि नुसतं तळहातावर तोललं. मग त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि त्या खुर्चीत बसल्या.

"वहिनी, ह्याला शहाण्णव पानं आहेत."

"मग?"

"अठ्ठ्याऐंशी हवीत."

त्यांनी दार लावून घेतलं, भिंग काढलं आणि संध्याकाळपर्यंत मान वर केली नाही. मला म्हणाल्या, "तुम्ही जा, उद्या सांगते." सांगण्याआधी खात्री करायची हा त्यांचा स्वभावच होता. मी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आले तेव्हा वन्सं आतल्या खोलीत फोनवर बोलत होत्या. दारावर टकटक झाली म्हणून मी उघडलं. बाहेर एक बाई उभी होती. तिशीची असावी. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण तिच्या अंगात करडा स्वेटर होता, वरपर्यंत बटणं लावलेला. माझ्याकडे न बघता ती माझ्या खांद्यावरून आत बघत होती.

"तुमच्याकडे कुणी आलंय का?" तिने विचारलं.

समोरचं घर बरीच वर्षं बंद होतं. मला वाटलं, तिथे कुणी राहायला आलं असेल, आमचं बोलणं ऐकू जात असेल. मी म्हणाले, "नाही हो. आम्हीच आहोत."

तिने मान हलवली आणि ती वळली. मी दार लावलं. कुठल्या बाजूला गेली ते पाहिलं नाही.

वन्सं फोन ठेवून बाहेर आल्या. मी चहा टाकता टाकता सांगितलं, की समोर नवीन भाडेकरू आलेत वाटतं, बाई आली होती, कुणी आलंय का म्हणून विचारत होती. वन्संनी हातातला रिकामा कप खाली ठेवला.

"काय विचारलं तिने? शब्द सांगा."

मी सांगितले. माझं उत्तरही सांगितलं. त्यांनी ते शहाण्णव पानांचं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. मी आतापर्यंत त्याला हातही लावला नव्हता. पात्रांच्या यादीत चौथं नाव होतं: शेजारीण. आणि दुसऱ्या अंकात, जिथे पुढे शांतता आली नेमकं तिथे, दारावर टकटक होते, नवरा दार थोडं उघडतो, आणि बाहेरून शेजारीण विचारते, ‘तुमच्याकडे कुणी आलंय का?’

खाली नवऱ्याचं वाक्य होतं: ‘नाही हो. आम्हीच आहोत.’

चहा उतू गेला तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो.

समोरच्या दाराला कुलूप होतं, त्यावर कोळ्याने घर केलेलं. खाली जिन्याच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं टेबल असतं. त्याच्या नजरेतून मांजरही सुटत नाही. त्याला विचारलं. म्हणाला, "दुपारपासून तुमच्याशिवाय कुणी वर गेलं नाही, ताई. ह्या उन्हात स्वेटर? मला कपडे कळतात, मी विसरलो नसतो."

मी हे घरी सांगितलं तर ह्यांनी मला थंड पाणी प्यायला लावलं आणि दुपारची चालत जाऊ नकोस म्हणाले. त्यांच्यापुरतं प्रकरण मिटलं.

वन्संनी मात्र आपलं काम सोडलं नाही. चौथं पात्र आहे म्हणून प्रत खरी, असं त्या मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. अशा गोष्टी कुणी मुद्दाम छापूनही घेतं. डॉक्टरांची प्रत विकण्याआधी काढलेले फोटो त्यांनी ह्या प्रतीशेजारी ठेवले. अठ्ठ्याऐंशी पानांच्या प्रतीत एका ओळीत ‘श’चं पोट फुटलेलं होतं, छपाईचा खिळा झिजला असावा. शहाण्णवच्या प्रतीत तोच ‘श’ तिथेच फुटलेला, पण जखम लहान. म्हणजे ही आधी छापलेली. कागद तोच, बांधणीच्या पिनांची भोकं एकदाच पाडलेली, गंज आत मुरलेला. आठवडाभराने त्या मला म्हणाल्या, "खरी आहे. लोक जिला पहिली म्हणतात ती पहिली नव्हे. आणि ती डॉक्टरांना मीच पहिली म्हणून दिलेली आहे."

त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरला होता. पण मला वाटतं, कारण डॉक्टर एवढंच नव्हतं. मी नसताना दारावर पुन्हा टकटक झाली होती.

"मी ठरवलं होतं, पुस्तकातलं उत्तर द्यायचं नाही," त्यांनी मला सांगितलं. "मला पुढचं वाक्य माहीत होतं. ती म्हणणार, ‘मग बोलतंय कोण?’ तशीच म्हणाली. आणि मी म्हणाले, ‘रेडिओ आहे.’ वहिनी, खरंच रेडिओ लावलेला होता हो. घर गप्प बसतं ते आवडत नाही म्हणून मीच लावला होता. आणि पुस्तकात नवरा काय म्हणतो? ‘रेडिओ आहे.’"

"दिसली कशी?"

 वन्सं आधी केसांवर आल्या; तिथे त्यांची जीभ मोकळी व्हायची. "अंबाडा घट्ट होता, मागच्या रांगेतून दिसावा असा वर उचललेला. घरात राहणारी बाई असा घालत नाही. पिना जुन्या पद्धतीच्या, दोन्हीकडून वळलेल्या. मी कामाला लागले तेव्हाच त्या मिळेनाशा झाल्या होत्या. आणि इथे, कानाखाली, पावडर संपते तिथे रेघ होती. कुणीतरी तिला रंगवलं होतं आणि मान पुसायची राहून गेली होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अण्णांकडे गेलो. अण्णा त्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाचे रंगमंच व्यवस्थापक, आता खूप थकलेले, मुलीकडे राहायचे. आम्ही गेलो तेव्हा मांडीवर परात घेऊन मटार सोलत होते. वन्सं मटार सोलायला बसल्या आणि सोलता सोलता त्यांनी विचारलं, "अण्णा, तिघांच्या नाटकात चौथं कुणी होतं का हो?"

"होतं की. शेजारीण. तीनदा दाराशी यायची. लेखकाला वाटलं, नाटक लांबतंय. रंगीत तालमीनंतर काढून टाकलं ते. पुस्तकं छापून आली होती, त्यांचा लगदा केला आणि तेवढी पानं गाळून दुसरी छापली. प्रकाशक रडकुंडीला आला होता."

"काम कोण करायचं?"

"होती एक. तिला आधीचं काहीतरी काम होतं बाहेरगावी. तालीम झाली की गेली, थेट पहिल्या प्रयोगालाच यायची होती."

"तिला कळवलं कुणी?"

"कळवलंच असेल कुणीतरी." अण्णांनी एक शेंग उघडली, आतून किडकी निघाली, ती बाजूला ठेवली. "म्हणजे, ती आली होती. मेकअपला बसलेली मी पाहिली. मला वाटलं, प्रयोग बघायला आली असेल."

"मेकअप करून?"

"अहो, मला त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. ते दार एक धड बसत नव्हतं, हलायचं. आता उघडायचंच नाही म्हणून मी पलीकडून खिळे ठोकून टाकलेले. दुसऱ्या अंकात ती जागा आली आणि तिघंही सवयीने दाराकडे बघून थांबले. आणि पलीकडून टकटक झाली. थांबली. पुन्हा झाली. तिघांना काय करावं कळेना. प्रेक्षकांत कुणी खोकलंसुद्धा नाही. तिसऱ्यांदा झाली आणि मग बंद झाली. तेव्हा नटीला पुढचं वाक्य सुचलं." अण्णा हसले. "टाळ्या किती पडल्या म्हणून सांगू. सगळ्या पेपरांत त्या शांततेचं कौतुक. लेखकाने पुढच्या आवृत्तीत घालून टाकली. टकटक मात्र नाही घातली."

"आणि ती बाई?" मी विचारलं.

"पडदा पडल्यावर मी गेलो दारामागे. कुणी नव्हतं. तिची पिशवी बरेच दिवस मेकअपच्या खोलीत पडून होती, न्यायला कुणी आलं नाही."

"नाव काय होतं तिचं?"

अण्णांनी खूप आठवून पाहिलं. मुलीलाही हाक मारली, जणू तिला माहीत असणार. शेवटी म्हणाले, "शेजारीणच म्हणायचो आम्ही. करडा स्वेटर घालून यायची, भर उन्हाळ्यातसुद्धा. थंडी वाजते म्हणायची."

 परत घराशी आल्यावर वन्सं म्हणाल्या, "तिसरं वाक्य राहिलंय."

ते मी तोपर्यंत वाचलं होतं. तिसऱ्यांदा शेजारीण म्हणते, ‘मला आत येऊ द्या. माझ्या घरात कुणीच बोलत नाही.’ त्यावर नवऱ्याचं उत्तर नाही. तो दार लावून घेतो, आणि शेजारणीचं काम तिथे संपतं.

डॉक्टरांना वन्संनी स्वतः फोन केला. "मी तुम्हाला पहिली म्हणून दिली ती पहिली नाही. हवं तर परत आणा, आणि दुसरी बघायला या." डॉक्टर पेटीसकट आले. आधी रागावलेले होते. पाहुणे म्हणून बसायच्या आधीच म्हणाले, "इतकी वर्षं मी लोकांना काय सांगत होतो मग?" पण शहाण्णव पानांची प्रत हातात आली तसा राग कुठच्या कुठे गेला. त्यांनी फुटका ‘श’ पाहिला, पिनांची भोकं पाहिली. चष्मा कपाळावर चढवून ते शेजारणीचं पहिलं वाक्य वाचू लागले.

"मोठ्याने नको," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी मान वर केली, आणि दारावर टकटक झाली.

आम्ही तिघं होतो खोलीत. वन्संच्या हातात भिंग, डॉक्टरांच्या हातात पुस्तक, माझ्या हातात चहाचा ट्रे. तिघंही दाराकडे बघत राहिलो. पंखा फिरत होता, तेवढाच आवाज. मी ते नाटक कधी पाहिलं नाही, पण त्या शांततेत काय असतं ते मला तेव्हा समजलं. पलीकडे कुणीतरी आहे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि ते कळू द्यायचं कुणाच्या मनात नसतं.

डॉक्टरांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "उघडा ना. कुणीतरी आलंय."

वन्संनी भिंग खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि दार सताड उघडलं.

तीच होती. ऊन तिच्या मागे होतं, तरी तिच्या चेहऱ्यावर वेगळाच उजेड होता, खालून वर पडल्यासारखा. ती म्हणाली, "मला आत येऊ द्या. माझ्या घरात कुणीच बोलत नाही." आवाज लहानच, पण खोलीच्या शेवटच्या कपाटापर्यंत स्पष्ट पोचणारा.

"या," वन्सं म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. "आत या. बसा."

ती उंबऱ्याशी अडखळली. मला वाटलं, वळेल. मग ती आत आली, हळूहळू, अंधारात पायरी चाचपावी तशी, आणि मी पुसायला घेते त्या स्टुलावर बसली. हात मांडीवर. वन्संनी दार लावून कडी घातली. "पाणी देऊ?" त्यांनी विचारलं. तिने वन्संकडे पाहिलं, ओठ थोडे हलले, पण शब्द आला नाही. तिच्याजवळ पुढचं वाक्यच नव्हतं.

मी हातातला ट्रे खाली ठेवला. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, डॉक्टर, बोलत राहा. काहीही बोला."

मला काही सुचेना. डॉक्टरांना एकच विषय येत होता. ते अक्कलदाढेवर बोलू लागले. अक्कलदाढ आडवी आली तर काय करावं लागतं, माणसं भूल घ्यायला कशी घाबरतात, एक पैलवान खुर्चीतून उठून कसा पळाला. घाम फुटला होता त्यांना, पण ते बोलत राहिले. मग मला कंठ फुटला, मी ह्यांच्या घोरण्याचं सांगितलं. वन्संनी टोपाची एक जुनी गोष्ट सांगितली, भर प्रयोगात राजाचा टोप तलवारीला अडकून गेल्याची. ती बाई एकेकाकडे वळून बघत होती. डोळे अगदी लहान मुलासारखे, पुढे काय म्हणून विचारणारे. राजाच्या टोपावर ती हसलीही, आवाज न करता.

किती वेळ बोललो कोण जाणे. घसे कोरडे पडले. खोलीतला उजेड उतरला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आम्ही केव्हापासून एकमेकांशीच बोलत होतो. स्टूल रिकामं होतं. ती उठताना तिघांपैकी कुणी पाहिली नाही. दाराला आतून कडी तशीच होती. स्टुलावर हात ठेवून पाहायचं मला धैर्य झालं नाही, वन्संनी ठेवला. "गार आहे," एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी आपली काचेची पेटी काखेत घेतली. दाराशी जाऊन ते परत वळले. "माझी मला राहू द्या, ताई," ते म्हणाले. "पहिली नसली तरी चालेल. तिच्यात कुणी दाराशी येत नाही." इस्त्रीवाल्याचं टेबल ओलांडून जाईपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

ती बाई पुन्हा आली नाही. वन्संनी उन्हाळाभर दुपारचं दार उघडंच ठेवलं. मी काही म्हटलं नाही, पण बसताना दाराकडे पाठ करून बसत नसे.

पुढे ती प्रत वन्संनी नाटकांच्या एका संग्रहालयाला देऊन टाकली. सोबत शहाण्णव पानं, फुटका ‘श’, पिना, सगळं व्यवस्थित लिहून दिलं. बाकीचं लिहिलं नाही. विद्वानांनी त्यावर लेख लिहिले. आता कुठल्याही जाणत्याला विचाराल तर तो सांगेल, की शांतता नसली एवढ्याने प्रत पहिली ठरत नाही. दोन-तीन वर्षांनी एका तरुण मंडळाने नाटक चारही पात्रांसह करायचं ठरवलं आणि त्यांची दिग्दर्शिका वन्संकडे आली. शेजारीण कशी दाखवावी, असं तिने विचारलं. वन्संनी अंबाडा कसा, पिना कशा, स्वेटरची बटणं कुठपर्यंत, हे तासभर समजावून सांगितलं, आणि निघताना तिला म्हणाल्या, "जी मुलगी हे काम करेल तिच्याशी तालमीत सगळ्यांनी बोलत जा." प्रयोग फारसे झाले नाहीत. बघणाऱ्यांचं म्हणणं पडलं, की शेजारीण आल्यामुळे ती सुंदर शांतता गेली.

वन्सं त्यानंतरही बरीच वर्षं धंदा करत होत्या, दृष्टी अधू होईपर्यंत. मग आमच्याकडेच राहायला आल्या. एक मात्र त्या उन्हाळ्यानंतर बदललं होतं. पूर्वी त्या पुस्तक मिटून ठामपणे म्हणत, "ही पहिली." आता गिऱ्हाईक विचारी, "पहिलीच ना, ताई?" तर त्या म्हणत, "मला माहीत आहे तिथपर्यंत." आणि पुस्तक तपासताना पानं, कागद, किंमत, जाहिराती सगळं बघत, पण संवाद वाचत नसत. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं होतं. मी मनातल्या मनात वाचायची.